शेअरचा भाव, टोमॅटोचा भाव आणि अकोल्याची उधारी

7 एप्रिल 2025, सोमवार. आदल्या दिवशी रामनवमी झालेली, लग्नसराई तोंडावर आलेली. अमेरिकेने लादलेल्या आयात शुल्काच्या धसक्याने त्या सकाळी सेन्सेक्स जवळपास चार हजार अंकांनी खाली उघडला आणि संध्याकाळी सव्वादोन हजार अंकांची खोट खाऊन बंद झाला. वाहिन्यांवर दिवसभर लाल पट्ट्या फिरत होत्या. त्या दिवशी गिऱ्हाईक कसं होतं, असं मी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले गावच्या बाजारपेठेत कापडवाल्यांना, सराफांना, मोबाइलवाल्यांना आणि टू-व्हीलरच्या शोरूममध्ये विचारत फिरलो. तो दिवस कोणालाच आठवेना. एका कापड दुकानदाराने माझ्या समाधानासाठी जुनी वही काढली. त्या तारखेला त्याच्याकडे दोन बस्ते बांधले गेले होते.

मग विचारलं, “आणि जुलै 2023?”

“टोमॅटोचं साल!” वही न उघडता उत्तर आलं.

त्या महिन्यात नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या कॅरेटने दोन हजार रुपये ओलांडले होते. शोरूमवाल्याला त्या हंगामात कुठल्या गावात किती गाड्या गेल्या ते आठवत होतं. सराफाला कोणी काय घडवून नेलं तेही आठवत होतं.

संपादकांनी 2025 च्या अंकासाठी विषय दिला होता ‘हौसेचा पैसा’. त्यातला माझा वाटा असा, की शेअर बाजार वर-खाली झाला की सामान्य माणूस कपडे, सहल, हॉटेल, मोबाइल, दागिने यांवरचा हात सैल सोडतो की आखडतो, ते जाऊन बघायचं. पुण्यात किंवा ठाण्यात हे सहज लिहून झालं असतं. पण डिमॅट खातं आता कोल्हार-घोटी रस्त्याने तालुक्यातल्या राजूरच्याही वर पोहोचलंय. मग शेतीच्या भावावर जगणाऱ्या तालुक्यात शेअरच्या भावाचं काय होतं, हे बघणं मला जास्त मोलाचं वाटलं.

फोनमध्ये आलेला बाजार

मार्च 2020 मध्ये देशभरात चार कोटींच्या आसपास डिमॅट खाती होती. ऑगस्ट 2022 मध्ये ती दहा कोटींवर गेली आणि 2025 च्या पावसाळ्यात वीस कोटींवर. एकेकाळी अकोल्याच्या माणसाला शेअर घ्यायचा तर संगमनेर किंवा नाशिक गाठावं लागे, फॉर्मवर पन्नास सह्या कराव्या लागत. आता आधार, पॅन आणि फोनचा कॅमेरा पुरतो. खातं एसटी थांब्यावर बसल्या बसल्या उघडतं.

जुन्या पिढीचा अनुभव वेगळा होता. हर्षद मेहताच्या घोटाळ्याचं 1992 साल इथे बातमीपुरतंच आलं. ‘यूएस-64’ मात्र घरात आलं होतं. सरकारी म्हणून निर्धास्तपणे घेतलेल्या त्या युनिट योजनेची खरेदी-विक्री जुलै 2001 मध्ये थांबवली गेली, तेव्हा हात पोळलेले निवृत्त कर्मचारी अजून गावात आहेत. मुलगा फंडातल्या मासिक एसआयपीचं बोलायला लागला की ते पेपर तोंडापुढे धरतात.

बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने 2025 मध्ये देशभरातल्या कुटुंबांची पाहणी केली. 63 टक्के कुटुंबांना रोखे बाजारातली एखादी तरी गोष्ट माहीत आहे, पण प्रत्यक्ष पैसा गुंतवणारी कुटुंबं साडेनऊ टक्के. शहरात 15, खेड्यात 6. म्हणजे खेड्यातली शंभर घरं घेतली तर सहा घरांत बाजार आहे. अकोले तालुक्यात ही सहा घरं कोणाची, हे ओळखायला फार हुशारी लागत नाही. जिल्हा परिषदेचे शिक्षक, बँकेतले आणि वीज मंडळातले नोकरदार, मेडिकलवाले, हार्डवेअरवाले, आणि चाकण-हिंजवडीला असलेली मुलं. त्या मुलांचे पैसे तिकडे, आई-बाप इकडे.

उरलेल्या चौऱ्याण्णव घरांचं काय? केंद्राच्या 2023-24 च्या पाहणीत ग्रामीण भागातला दरडोई मासिक खर्च 4,122 रुपये निघाला. त्यातले 47 टक्के खाण्यावर जातात. बाकीच्यात पेट्रोल, औषधं, शाळा, कपडे, रिचार्ज, लग्नकार्यं. त्यातून हौसेला काय उरत असेल, त्याचा अंदाज वाचकांनीच करावा.

गुरुजींची एसआयपी

कोतूळकडच्या एका शाळेतले शिक्षक भेटले. चाळिशी ओलांडलेले, 2005 नंतर नोकरीत लागलेले, म्हणजे जुन्या पेन्शनच्या बाहेरचे. मार्च 2023 मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत राज्यातले कर्मचारी सात दिवस संपावर गेले, त्यात हेही होते. त्यांच्या पगारातून दहा टक्के आणि सरकारचे चौदा टक्के राष्ट्रीय पेन्शन योजनेत जातात. सरकारी कर्मचाऱ्याने वेगळा पर्याय निवडला नाही तर त्यातला मर्यादित हिस्सा शेअरमध्ये लागू शकतो. “म्हणजे मी बाजारात गेलोच नाही सर, मला बाजारात नेऊन बसवलं,” ते म्हणाले. मग बसवलंच आहे तर नीट बसावं म्हणून त्यांनी मुलीच्या नावाने महिन्याला पाच हजारांची एसआयपी सुरू केली.

सप्टेंबर 2024 च्या शेवटी सेन्सेक्स 85,978 ला टेकून आला. त्या आठवड्यात गुरुजी रोज रात्री जेवणानंतर अ‍ॅप उघडून बघायचे. पुढे ऑक्टोबर ते फेब्रुवारी असे सलग पाच महिने निफ्टी घसरला. असं 1996 नंतर पहिल्यांदाच घडत होतं. जानेवारी 2025 मध्ये देशात नव्या सुरू झालेल्या एसआयपींपेक्षा बंद झालेल्यांची संख्या जास्त भरली. त्यातली काही जुन्या खात्यांची झाडलोट होती, पण काही खरी माघारही होती. गुरुजींनी एसआयपी बंद केली नाही. अ‍ॅप उघडणं बंद केलं.

“खर्च कमी केला का?”

“कशाचा?”

हा प्रतिप्रश्न मला फार आवडला, कारण अर्थशास्त्रातला एक मोठा वाद त्यात मावतो. शेअर वाढले की माणसाला आपण श्रीमंत झाल्यासारखं वाटतं आणि तो जास्त खर्च करतो, याला संपत्ती परिणाम म्हणतात. तो नक्की किती असतो? ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये 2021 साली तिघा संशोधकांनी तिथल्या जिल्ह्याजिल्ह्यांचा हिशेब लावून उत्तर काढलं. शेअरची संपत्ती एक डॉलरने वाढली, तर वर्षाला खर्च वाढतो सुमारे 3.2 सेंट. हेच गणित अकोल्यात मांडून बघा. गुरुजींच्या खात्यात सहा लाख आहेत असं धरू. बाजार दहा टक्के पडला, पडद्यावर साठ हजार गेले. अमेरिकन मापाने त्यांनी वर्षभरात खर्च कमी करायचा तो एकोणीसशे वीस रुपयांनी, म्हणजे महिन्याला 160. घरची एक मिसळपार्टी. कापडवाल्याच्या वहीत ती दिसणार कुठून?

स्वीडनमधल्या एका अभ्यासाने मात्र जरा विचार करायला लावलं. तिथे संपत्तीच्या उतरंडीत वरच्या तीस टक्के लोकांनी कागदावरच्या नफ्यातला तीनच टक्क्यांच्या आसपास खर्च केला. खालच्या निम्म्यांनी केला 23 टक्के. आणि लाभांश म्हणून जे हातात पडलं, त्यातला बराच मोठा वाटा सगळ्यांनीच खर्चून टाकला. म्हणजे पोट भरलेल्याला बाजाराचा झोका जाणवत नाही, अर्धपोटी गुंतवणूकदाराला जाणवतो. आणि पडद्यावरच्या पैशापेक्षा खिशातला पैसा लवकर बाहेर पडतो. हे दुसरं वाक्य अकोल्यातल्या कुठल्याही किराणावाल्याने स्वीडनला न जाता सांगितलं असतं.

गुरुजींनी एक मोठा खर्च खरोखरच लांबवला होता. गाडीचा. मला वाटलं, सापडला संपत्ती परिणाम. “बाजारामुळे नाही हो,” ते म्हणाले, “2025 च्या पंधरा ऑगस्टला पंतप्रधानांनी जीएसटी कमी होणार म्हणून सांगितलं. मग आत्ता कोण घेईल?” 22 सप्टेंबरला लहान गाड्यांवरचा कर 28 वरून 18 टक्क्यांवर आला. मधल्या पाच आठवड्यांत शोरूममध्ये लोक येत होते, दरपत्रक घेऊन जात होते आणि एकही जण पावती फाडत नव्हता. शेअर बाजाराच्या पाच महिन्यांच्या पडझडीला जे जमलं नाही ते एका भाषणाला जमलं.

चाळीतल्या कांद्यावर उधारी

संपत्ती परिणाम अकोल्यात नाहीच, असा निष्कर्ष काढून मी परत निघालो असतो. पण एका किराणा दुकानात जरा जास्त वेळ बसलो. गिऱ्हाइकाची गर्दी ओसरली, दुकानदाराने उधारीची वही पुढ्यात ओढली, आणि वहीत जे दिसलं तिथे हा लेख सुरू व्हायला हवा होता.

बहुतेक पानांवर नावाखाली बारीक अक्षरात काही खुणा होत्या. ‘कांदा’, ‘ऊस’, ‘दूध’, ‘नोकरी’. कुणाला किती दिवस थांबायचं आणि कुठल्या आकड्याला हात आखडायचा, हे त्या एका शब्दावर ठरतं. दूधवाल्याचा हिशेब दहा दिवसांचा, कारण डेअरीचा ‘पगार’ दहा दिवसांनी होतो. उसवाल्याला गाळप होऊन उचल मिळेपर्यंत थांबावं लागतं, पण तो पैसा बुडत नाही. खरी परीक्षा कांद्याची.

उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो आणि चाळीत जातो. चाळ म्हणजे जमिनीपासून उचललेली, दोन्ही बाजूंनी वारा खेळेल अशी जाळीची किंवा बांबूची लांबट कोठी, वर पत्रा किंवा कौलं. तिथे तो दिवाळीपर्यंत थांबू शकतो. भाव येईल या आशेवर शेतकरी थांबतो. थांबताना वजन घटतं, पावसाळी हवेत काजळी धरते, कोंब फुटतात, खालचा थर सडायला लागतो. न विकलेल्या या मालाची किंमत रोज बदलते, आणि त्या बदलत्या किमतीवर घरचा खर्च चालतो. दुकानदार मला म्हणाला, “तो साखर न्यायला आला की मी आधी विचारतो, चाळ फोडली का? नाही म्हणला तर विचारतो, वास येतोय का?”

हाच तो संपत्ती परिणाम, जसाच्या तसा. माल विकला नाही, पैसा हातात नाही, पण मालाच्या आजच्या किमतीच्या भरवशावर आज खर्च होतोय. 8 डिसेंबर 2023 ला केंद्राने कांद्याची निर्यात थांबवली, तेव्हा अकोल्यात कोणाच्या खात्यातून एक रुपयाही गेला नव्हता. पण दुकानदार सांगतो, त्या आठवड्यात उधारीवर माल देताना त्याचा स्वतःचाच हात थबकला. 4 मे 2024 ला बंदी उठली. 1 एप्रिल 2025 पासून निर्यात शुल्कही गेलं. तरी त्या वर्षी भाव उठला नाही, आणि 2025 च्या दिवाळीला कित्येक चाळी भरलेल्याच होत्या. दुकानदाराने फराळाचं सामान मागवताना काजू-बदाम कमी केले, रवा-मैदा-पोहे तेवढेच ठेवले. सेन्सेक्स त्याने विचारात घेतला नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

मी विचारलं, “गुरुजींच्या नावाखाली ‘एसआयपी’ लिहिलंय का?”

तो हसला. “नोकरी लिहिलंय. मोबाइलमधला पैसा मला दिसतो का?”

माझ्या सगळ्या भटकंतीत हाती लागलेलं हे सगळ्यात नेमकं वाक्य. चाळ रस्त्यावरून दिसते. टोमॅटोचा तारेवर चढलेला प्लॉट दिसतो. गोठ्यात किती दावणी भरल्यात ते दिसतं, बाईच्या गळ्यातलं तर दिसतंच. जे गावाला दिसतं त्यावर गावात पत मिळते, आणि पत मिळाली की हौस होते. डिमॅट खातं घरातल्याच बाकीच्यांना दिसत नाही, तिथे दुकानदाराला कुठून दिसणार? त्यामुळे ते फुगलं तरी गावात खर्च वाढत नाही. ते रिकामं झालं तरी बराच काळ कोणाला पत्ता लागत नाही. हा दुसरा भाग पुढे येईल.

बचत गटातल्या एका ताईंनी पैशाची वाटणी सांगितली. दुधाचा पगार घरात: किराणा, पेंड, मुलांची फी. म्हणून तर दुधाचे दर पडले की तालुका पेटतो. जुलै 2024 मध्ये कोतुळात लिटरला चाळीस रुपये भाव मागत दूध उत्पादक धरणं धरून बसले होते, ते याच रोजच्या पैशासाठी. उसाची उचल सोसायटीच्या कर्जाला. आणि टोमॅटोचा पैसा? “तो आला तर आला. म्हणून तो आला की मी यांच्या हाताला लागू देत नाही, आधी सराफाकडं.” पैसा पैशासारखाच असतो, पण माणूस त्याचे मनातल्या मनात वेगवेगळे कप्पे करतो आणि प्रत्येक कप्प्याचे नियम वेगळे पाळतो, हे मांडल्याबद्दल रिचर्ड थेलर यांना 2017 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ताईंच्या कप्प्यांची वाटणी जास्त काटेकोर आहे, एवढंच म्हणेन.

टोमॅटोची दुसरी बाजूही सांगायला हवी. 2023 च्या जुलैतला तो भाव गणपती येईपर्यंत कोसळला. जुलैचा भाव बघून ज्यांनी लागवड केली, मल्चिंग, ठिबक, बांबू, तार यांवर एकरी लाखाच्या वर घातले, त्यांना तोडणीची मजुरीही सुटली नाही. वर चढलेल्या भावाला बघून शेवटी आत शिरणारा शेअर बाजारातही असतो. फरक इतकाच, की इथे त्याला औषधवाल्याची उधारीही फेडायची असते.

सराफाचा तराजू

सोन्याचं गणित 2025 मध्ये सगळ्यांनाच चकवून गेलं. सप्टेंबर 2024 मध्ये दहा ग्रॅमला पंचाहत्तर हजारांच्या आसपास असलेलं शुद्ध सोनं 2025 च्या एप्रिलमध्ये लाखाला भिडलं आणि सप्टेंबरात एक लाख दहा हजारांच्या पुढे गेलं. त्याच वर्षभरात सेन्सेक्स जिथे होता त्याच्याही खाली आला. म्हणजे ज्या घरात आजीच्या पाटल्या आहेत ते घर वर्षात श्रीमंत झालं, आणि ज्या घरात एसआयपी आहे ते होतं तिथेच राहिलं. तरी पाटल्यांवर कोणी चैन केली नाही. लग्नं थांबली नाहीत, वजनं घटली. जिथे दोन तोळ्यांचं मंगळसूत्र व्हायचं तिथे सव्वा तोळ्यात भागतंय. जुनी मोड घालून नवं घडवणं वाढलं. मिरवायला एक ग्रॅमचे सेट आहेतच.

सोनं विकत नाहीत, गहाण ठेवतात. रिझर्व्ह बँकेच्या आकड्यांत बँकांची सोनेतारण कर्जं मार्च 2025 पर्यंतच्या वर्षात दुपटीच्या वर गेली. तेवढ्याच दागिन्यावर जास्त रक्कम मिळते, म्हणून शाळेची फी, विहिरीची मोटार, कधी गाडीचं डाउन पेमेंट त्यातून निघतं. खेड्यात संपत्ती परिणाम शोधायचा तर तो इथेच, तारणाच्या पावतीवर.

“शेअर पडले म्हणून कोणी मोडायला येतं?” मी सराफाला विचारलं.

“पडले म्हणून नाही.” तो जरा थांबला. “आठवड्याच्या मधेच एखादा पोरगा येतो. आईची अंगठी असते, पावती नसते. काय झालं विचारलं तर म्हणतो, अर्जंट आहे. मी घेत नाही. पण सगळेच परत पाठवत असतील असं नाही.”

भंडारदऱ्याचे पाहुणे

त्या पोराकडे वळण्याआधी तालुक्याचं पश्चिमेचं टोक. भंडारदऱ्याच्या, 1926 साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाच्या काठाने आता तंबूंच्या रांगा आहेत. घाटघर, साम्रद, रतनवाडीकडच्या आदिवासी तरुणांचं भाताच्या खाचरापलीकडचं उत्पन्न शनिवार-रविवारच्या पाहुण्यांवर आहे. हे पाहुणे पुण्या-मुंबईचे, नोकरदार, बहुतेकांच्या फोनमध्ये फंड आहेत. बाजार पडला की सहल रद्द होते का?

तंबूवाल्याने हा प्रश्न फार गांभीर्याने घेतला नाही. त्याच्या हिशेबात दोनच गोष्टी: पाऊस आणि रस्ता. मे 2025 मध्ये मान्सूनपूर्व पाऊस कोसळत राहिला आणि 26 मे रोजी मान्सून मुंबईत दाखल झाला, इतका लवकर तो कित्येक दशकांत आला नव्हता. पावसाच्या तोंडावर चमकणाऱ्या काजव्यांचा हंगाम त्यात आवरला आणि आगाऊ घेतलेले पैसे परत करावे लागले. सेन्सेक्स तोवर एप्रिलच्या खड्ड्यातून वर आला होता, त्याचा त्याला काय उपयोग? मात्र जुलैच्या शेवटी टीसीएसने बारा हजारांवर लोक कमी करण्याचं जाहीर केलं, तेव्हा ग्रुपने येणाऱ्या कंपन्यांच्या चौकशा थोड्या थंडावल्यासारखं त्याला वाटलं. नोकरीची धाकधूक माणसाला घरी बसवते, फंडाचा आकडा बसवत नाही.

हिरो-झिरो

आता सराफाने सांगितलेल्या पोरासारखाच एक. मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान. मालक सत्ताविशीतला, डिप्लोमा झालेला, चाकणची नोकरी सोडून आलेला. काउंटरवर उघडे पडलेले फोन, आणि त्यांच्यामध्ये एक स्टँडला टेकवलेला फोन, त्यावर भावाच्या आलेखाच्या हिरव्या-लाल मेणबत्त्या. निफ्टीच्या ऑप्शनची आठवड्याची मुदत ऑगस्टपर्यंत गुरुवारी संपायची, सप्टेंबर 2025 पासून मंगळवारी संपते. त्या दिवशी दुपारी अडीचनंतर तो स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवतो.

खेळ असा. निफ्टी अमुक पातळीच्या वर जाईल असा अंदाज करणारा कॉल, मुदत संपायला तासभर उरलेला, म्हणून किंमत घसरून चार रुपयांवर आलेली. 2025 मध्ये एक लॉट 75 चा होता. तीनशे रुपयांत खरेदी झाली. तासाभरात निफ्टी तिकडे उसळला तर चाराचे चाळीस, तीनशेचे तीन हजार. नाही उसळला तर साडेतीनला शून्य. याला पोरं हिरो-झिरो म्हणतात. सेबीने नोव्हेंबर 2024 पासून सौद्याचा किमान आकार पंधरा लाखांवर नेला, पण तो आकार कागदावरचा. तीनशे रुपये घेऊन येणाऱ्याला दार उघडंच आहे. मुदतीच्या दिवशी वेळ संपत जाते तशी ऑप्शनची किंमत झडत जाते आणि ती झड बहुतेक वेळा विकणाऱ्याच्या पदरात पडते. विकणारे मोठे, घेणारे असे.

सेबीच्या सप्टेंबर 2024 च्या अभ्यासात 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत वायदे-ऑप्शन करणाऱ्या वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी 93 टक्के तोट्यात निघाले. एकूण तोटा 1.8 लाख कोटींच्या वर, माणशी सरासरी दोन लाख. यातल्या 72 टक्क्यांहून अधिक लोक पहिल्या तीस मोठ्या शहरांच्या बाहेरचे, आणि तीनचतुर्थांशांहून अधिकांनी आपलं वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत दाखवलेलं. नियम कडक केल्यानंतरच्या 2024-25 मध्येही 91 टक्के तोट्यातच, आणि त्या एका वर्षातला निव्वळ तोटा एक लाख कोटींच्या पुढे.

आता खर्चाचं. जिंकलेल्या दिवशी संध्याकाळी ढाब्यावर मटण-भाकरी, सगळ्यांची त्याच्याकडून. एकदा बूट, एकदा घड्याळ. हा पैसा त्याने कधी बँकेत नेला नाही. जुगारात जिंकलेली रक्कम माणूस आपल्या घामाची समजत नाही आणि ती घेऊन आणखी मोठा डाव टाकतो, असं थेलर आणि एरिक जॉन्सन यांनी 1990 मध्येच प्रयोगाने दाखवलं होतं. हरलेल्या दिवशी मात्र खर्चाला कात्री लागत नाही, हे मला इथे कळलं. हरल्यावर ‘लॉस कव्हर’ करायचा असतो, आणि त्यासाठी आणखी पैसा लागतो. तो आधी गल्ल्यातून येतो. मग सुट्या भागांच्या होलसेलवाल्याचे पैसे थांबतात. मग पाच मिनिटांत कर्ज देणारं अ‍ॅप. आणि त्यानंतर आठवड्याच्या मधेच एखाद्या सराफाचं दार.

त्याची बायको शेजारच्या शिवणकामाच्या दुकानात बसते. तिने सांगितलं ते सरळ होतं. आधी मुलीच्या वाढदिवसाचा केक लहान झाला. मग पुण्याला बहिणीकडे जाणं राहिलं. मग क्लासची फी दोन महिने थकली, तेव्हा तिने नवऱ्याचा फोन मागितला. “कांदा सडला असता तर वास तरी आला असता,” ती म्हणाली. गावात कोणालाच दिसला नव्हता असा तो तोटा होता. नवरा आता ऑप्शन करत नाही असं म्हणतो. फोन स्टँडवर होता, हे मी वर लिहिलंच आहे.

शेवगावकडून येणारी बातमी

आपल्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, शेवगाव तालुक्यात, ‘शेअर मार्केट’ हा शब्द निराळ्याच धंद्याला लागला. तुमचे पैसे आम्ही बाजारात लावतो, दरमहा दहा-बारा टक्के देतो, असं सांगत गावोगाव कार्यालयं उघडली. सुरुवातीचे महिने परतावा हातात पडत होता, म्हणून तो खर्चही होत होता, आणि तो खर्च बघून शेजारी जमीन विकून पैसे आणत होते. 2024 मध्ये एकेक कार्यालय बंद झालं, चालक पसार झाले, गुन्हे दाखल झाले. इथे मात्र दिसण्यानेच घात केला. गाड्या, बंगले, सत्कार सगळं गावाला दिसत होतं. बाजारातला सौदा तेवढा कोणी पाहिला नव्हता. ऑक्टोबर 2023 मध्ये नगर अर्बन बँकेचा परवाना रद्द झाल्यापासून ठेवीदार आधीच धास्तावलेले होते, आणि त्या धास्तीतूनच काहींनी पैसा काढून या कार्यालयांत नेला, असं तिकडचे लोक सांगतात.

अकोल्यात अशी मंडळी अजून फारशी बसलेली नाहीत. पण टेलिग्रामवरच्या टिपा आणि ‘खात्रीचा परतावा’ देणारे फोन रोज येतात. दिवाळीच्या बोनसच्या आणि उसाच्या हप्त्याच्या दिवसांत ते वाढतात, हे मेडिकलवाल्यापासून गुरुजींपर्यंत सगळ्यांनी सांगितलं. म्हणून वाचकांसाठी एवढं लिहून ठेवतो. शेअर बाजारात दरमहा ठरावीक परताव्याची हमी कोणालाही देता येत नाही. सल्ला देणाऱ्याची नोंदणी सेबीच्या संकेतस्थळावर नावाने तपासता येते. पैसे कधीही कोणाच्या वैयक्तिक खात्यात पाठवू नयेत. शंका असेल तर सेबीचा मोफत क्रमांक 1800 266 7575 आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. आणि फसवणूक झालीच तर लाज न धरता त्याच तासात 1930 या सायबर मदत क्रमांकावर फोन करावा. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळायच्या आत अडवता आला तर त्यानेच येतो.